आंगवणीचा बोकड आणि आईचं बोट

पार्से,
१२ मार्च १९८७

दादा,

हे पाकीट मडगावच्या छापखान्याच्या पत्त्यावर टाकतेय. तू अजून तिथेच खिळे जुळवतोस असं शेजारच्या ज्योतीच्या भावाने सांगितलं. पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला सारू नकोस. बोलताना आपण सगळे जे बोलतो तेच मी बोलते, पण लिहायला शाळेने मला हीच भाषा दिली. डिसेंबरात राजभाषेच्या वादात देवळाच्या मंडपात तू कोकणीसाठी उभा राहिलास, बाबा मराठीसाठी, आणि चार लोकांसमोर ते तुला म्हणाले, परत ह्या घरात पाऊल टाकू नको. तूही टाकलं नाहीस. हट्टाच्या बाबतीत तुमच्या दोघांत निवडायचं झालं तर मला जमणार नाही.

बातमी माझी आहे. मला नोकरी लागली. हंगामी आहे, पण सरकारी. कातडीच्या रोगांच्या, मुख्यतः कुष्ठरोगाच्या, पाहणीसाठी आपल्या तालुक्यात एक पथक आलंय. त्यात मी मदतनीस. आपल्या घरातली पहिली पदवीधर काय करते, असं कुणी विचारलं तर सांग, लोकांच्या हातापायांच्या फोटोत मोजपट्टी धरते. हसू नकोस. मोजपट्टी वाकडी धरली तर डॉ. रंजना केंकरे पुन्हा फोटो काढायला लावतात.

ह्या बाईंबद्दल मला कुणाशी तरी बोलायचंय आणि घरात तुझ्याशिवाय ऐकणारं कोण होतं? मूळच्या डिचोलीच्या, शिकल्या मुंबईला. बुटक्या आहेत, चालतात मात्र बाबांपेक्षा भरभर. रोगी समोर बसला की जखमेकडे लगेच बघत नाहीत. आधी विचारतात, ह्या हाताने काय काम करता? मग तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतात. ज्याला घरातले वेगळ्या ताटात वाढतात, त्याचासुद्धा. पहिल्या दिवशी एक म्हातारा हात काढून घ्यायला लागला, तर म्हणाल्या, "राहू दे हो. मला माझा हात धुता येतो." तो म्हातारा नंतर अंगणात उभा राहून कितीतरी वेळ आपल्याच हाताकडे बघत होता.

फोटो उजेडात, व्हरांड्यात काढायचा. नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. दिसलं ते आधी लिहायचं, वाटलं ते नंतर आणि वेगळ्या रकान्यात. मी एकदा 'भाजल्याची जखम' असं लिहिलं. त्यांनी विचारलं, "भाजताना तू तिथे होतीस?" मी खोडून लिहिलं, 'लाल फोड, भोवती पांढरं कडं, त्याबाहेर पुन्हा लाली. भाजलं असं सांगते.'

तो फोड ज्योतीच्या अंगठ्यावर होता. बाईंनी विचारलं, गुरं, शेळ्या काही आहेत का घरी? ज्योती म्हणाली, "छे गो. काजीचा त्याल लागला. ह्या दिसांनी पेडण्यात कोणाच्या बोटाक काजीचा त्याल नाय, सांग बघू." ते खरंच. बिया भाजताना तेल उडतं आणि कातडी सोलून निघते. पण आपल्या वाड्यावर असे हात मला फारच दिसायला लागलेत.

आईच्या उजव्या तर्जनीलाही तसंच काहीतरी आहे. तीही काजूच म्हणते. तू काळजी करू नकोस.

तुझी,
गौरवी


पार्से,
२१ मार्च १९८७

दादा,

मागच्या पत्रात मी 'तसंच काहीतरी' असं लिहून पुढे गेले. ते आता जांभळाएवढं झालंय. निळसर लाल, वरून ओलं. आईला काखेत गाठ आलीय आणि बोट वाकत नाही.

बाबा तिला म्हापशाला एका खाजगी सर्जनकडे घेऊन गेले. मोठे सर्जन आहेत, नाव आहे त्यांचं. त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, वाईट जातीची वाढ दिसते, हातात चढायच्या आधी बोट मुळापासून काढलेलं बरं. पाडवा झाल्यावर या. बाबांनी मान हलवली. आईने एवढंच विचारलं, "आणि भाकऱ्यो कोण थापतलो?" सर्जन म्हणाले, मुलगी आहे ना. मी तिथेच उभी होते.

परतताना फेरीबोटीत आई कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती आणि डाव्या हाताने उजवा झाकून घेत होती. मला बघवेना.

मी बाईंना घरी बोलावलं. त्यांनी आईचा हात घेतला, ह्या हाताने काय करता ते विचारलं, आणि आईने सांगितलेली सगळी कामं ऐकली. मग मला ओसरीवर बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "मला हे शेळ्यांकडून आलेलं वाटतं." शेळ्यामेंढ्यांच्या ओठांवर खपल्या धरतात, तो एक विषाणूचा रोग आहे. तसलं तोंड माणसाच्या चरा पडलेल्या बोटाला लागलं की असाच फोड येतो. दिसायला भयंकर असतो. पण दीड-दोन महिन्यांत आपोआप बरा होतो, डागही फारसा राहत नाही. औषध म्हणजे स्वच्छ ठेवणं, झाकून ठेवणं आणि सुरीपासून लांब राहणं.

"मग सर्जनना सांगू या," मी म्हटलं.

"सांगेन. मुंबईला त्यांच्याच हाताखाली मी शिकलेय. ते पहिला प्रश्न विचारतील, जनावर कुठे आहे? आणि तो प्रश्न बरोबर आहे. ती खरंच वाईट गाठ असली आणि मी थांबवलं, तर तुझ्या आईचा हात जाईल."

दादा, जनावर आहे. मी त्यांना लगेच सांगितलं. आईने डिसेंबरच्या शेवटी राखणदार देवाला आंगवण केली. बोकडाचं पिल्लू आणलं, गळ्यात लाल फडकं बांधलं. आपल्या वाड्याची रीत तुला ठाऊकच आहे. नवस कशासाठी ते फिटेपर्यंत बोलायचं नाही. बोकड दारोदार फिरतो आणि ज्याला तो नवस फळावा असं वाटतं, त्याने त्याला आपल्या ओंजळीतून पेज पाजायची. भांड्यातून नाही. ज्याला वाटत नाही त्याने पाजू नये, त्याला कुणी विचारत नाही. आईचा नवस माझी नोकरी कायम व्हावी म्हणून असणार असं मी धरून चालले होते आणि मनातून लाजत होते.

आम्ही मागल्या दारी गेलो. बोकडाचं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत हळदीने आणि तेलाने माखलेलं. खाली काय आहे ते दिसेना. बाई वाकल्या तशी शेजारची तारामावशी आडवी आली. "हात लावू नकात, बाय. देवाचो तो." गावचा घाडी रामचंद्र, देवाला गाऱ्हाणं घालतो तो, त्यालाही कुणीतरी बोलावून आणलं. तो म्हणाला, "बोकड निखोट आसा. खोट असलेलो देवाक चलणा नाय. खोट निघाली तर आंगवण मोडली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना ठाऊक होतं. वाड्यावरच्या प्रत्येक बाईने ते खपल्यांनी भरलेलं तोंड आपल्या ओंजळीत पाहिलं होतं. बोटाला फोड आला की ती काजूवर ढकलत होती. ह्या दिवसांत त्याहून सोयीचं काय असणार? आणि हे स्वतःसाठी नाही, आईचा नवस मोडू नये म्हणून.

मला संताप आला. मी आईवर ओरडणार होते. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. रामचंद्राला नमस्कार केला, चपला हातात घेऊन अंगणाबाहेर गेल्या आणि मगच पायात घातल्या. वाटेत मी म्हटलं, तुम्ही सरकारी डॉक्टर, हुकूम का नाही केलात? त्या म्हणाल्या, "हुकमाने बोकडाचं तोंड दिसलं असतं. मग ह्या बायकांनी मला पुन्हा कधी हात दाखवला असता?"

पाडवा आठवड्यावर आलाय.

गौरवी


पार्से,
२८ मार्च १९८७

दादा,

आधी बस कुठेतरी.

काल बाई पुन्हा आल्या. बाबा म्हापशाला गेले होते. आई तांदूळ निवडत होती, डाव्या हाताने. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, सुपातले खडे वेचू लागल्या. मग म्हणाल्या, "शांताबाई, मी तुमच्या देवाच्या आणि तुमच्या मध्ये येत नाही. बोकडाचं तोंड दाखवलंत तर मी माझ्या सरांपुढे पुरावा घेऊन उभी राहीन. नाही दाखवलंत तरी उभी राहीन, पण नुसत्या माझ्या शब्दावर. तो पुरेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

आई म्हणाली, "दाखयलंय तर आंगवण मोडता."

"हो. घाडी तसं म्हणाले."

बघ दादा, दुसरं कुणीही म्हणालं असतं की काही मोडत नाही, अंधश्रद्धा आहे ही. मीसुद्धा म्हटलं असतं, तोंडाशी आलं होतं. बाई तसं बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोणासाठी केलीत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग सुपाकडे बघत म्हणाली, "झिलासाठी. तो घराक येवचो म्हणान."

तुझ्यासाठी. नोकरी-बिकरी काही नाही. मला एक क्षण वाईट वाटलं, खरं सांगते, आणि मग माझीच लाज वाटली.

बाई आईच्या हाताला हात लावून बसून राहिल्या. आईच पुढे म्हणाली, "माजा बोट गेला तरी चलात. एका बोटासाठी झिलाची वाट बंद करू?" बाई म्हणाल्या, "तुमच्या बोटाचं तुम्ही ठरवा. पण ज्योतीच्या अंगठ्यावर तसलंच आहे. तिला सर्जनकडे नेलं तर?"

आई उठली.

मागल्या दारी गेली, बोकडाला दाव्याने धरून पुढच्या अंगणात आणलं, तुळशीसमोर, जिथून सगळा वाडा बघतो. ओलं फडकं घेतलं आणि त्याच्या तोंडावरची हळद पुसायला लागली. तारामावशी धावत आली, "शांते, खुळी जालंय काय गो?" आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. हळदीखालून ते ओठ निघाले, फुलकोबीसारख्या खपल्यांनी भरलेले. आई म्हणाली, "बघ, बाय. हेच्यात खोट आसा. मी पयल्यापासून बघतंय."

तारामावशीने कमरेला खोचलेल्या पदरातून डावा हात बाहेर काढला. त्यावर फोड. बाई म्हणाल्या, "काजू का?" मावशी म्हणाली, "काजी न्हय, बाय. काजी भाजून खावक माजे दात तरी आसत काय?" आणि तोंडात उरलेले ते दोन दात दाखवून हसली. मग कुणाचं चुलीचं भाजलेलं होतं, शेजारच्या बाबलीच्या बायकोने विळीने कापलं म्हणून पट्टी बांधली होती, एकीने तर विंचू चावला असं सगळ्यांना सांगितलं होतं. तिला तारामावशी म्हणाली, "तरीच म्हटला, इंचू चावलो आणि तू बोंब कशी मारलंय नाय!" एकेक हात पुढे येत गेला. मी लिहून लिहून थकले.

बाईंनी बोकडाच्या ओठांचा आणि आईच्या बोटाचा एकत्र फोटो काढला. मी मोजपट्टी धरली. त्यांनी दोघांच्याही खपल्या वेगवेगळ्या बाटल्यांत घेतल्या, पुण्याला तपासायला पाठवणार आहेत. जाताना आईला वाकून नमस्कार केला. डॉक्टरने रोग्याला नमस्कार केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

रामचंद्र घाडीने संध्याकाळी येऊन बोकडाच्या गळ्यातलं फडकं सोडून नेलं. तो रागावला नव्हता. नुसतं म्हणाला, "मोडली, शांताबाय." आई म्हणाली, "होय."

मला तू ये असं लिहायचं नाही. तिने काय केलं ते तुला कळावं, एवढंच.

गौरवी


पार्से,
२४ एप्रिल १९८७

दादा,

आईचं बोट शाबूत आहे.

बाई पाडव्याच्या आधीच फोटो घेऊन सर्जनकडे गेल्या, मी बरोबर होते. त्यांनी आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. सर्जननी फोटो खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिले. मग म्हणाले, "रंजना, हे मी पुस्तकातसुद्धा नीट वाचलं नव्हतं. पंधरवडा थांबतो. वाढलं तर कापेन." बाई म्हणाल्या, "वाढलं तर मीच घेऊन येईन, सर." तो पंधरवडा त्या रोज आल्या. पार्श्याला रोज येणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एके दिवशी बस चुकली तर चोपड्याहून उन्हातून चालत. फोड आधी कोरडा झाला, मग वरून वाळून पडला, खाली गुलाबी कातडी. काल आईने भाकऱ्या थापल्या. पहिली बाईंना वाढली.

त्या हे सगळं लिहून डॉक्टरांच्या मासिकाला पाठवणार आहेत, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्यातरी गावात बोट कापायच्या आधी कुणीतरी शेळीचं तोंड बघेल. हाताचा फोटो छापायला त्यांनी आईची परवानगी मागितली. आई म्हणाली, "बांगड्यो दिसतत मां तेच्यात?"

पण मी हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायला बसलेय.

काल आपल्या ओसरीवर वाड्याची शेवटची तपासणी होती. बायका हात दाखवून गेल्या. बाई सामान आवरत होत्या, आई त्यांच्यासाठी पेल्यात सोलकढी घेऊन दारात उभी. बाबा आतून आले. सदऱ्याची उजवी बाही मनगटाखाली ओढलेली, ह्या उकाड्यात. ते बाईंसमोर बसले, माझ्याकडे न बघता. बाही वर केली.

तळहाताच्या कडेला फोड होता. मोठा, सुकायला लागलेला. पांढरं कडं अजून दिसत होतं.

बाईंनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना विचारतात ते विचारलं. "ह्या हाताने काय काम करता, कृष्णनाथराव?"

"शेतातला. बागायतीतला."

"जनावराला हात लागतो?"

मी पेन धरून बसले होते. मला वाटलं ते काजू म्हणतील.

"बोकडाक पेज घालतंय," ते म्हणाले.

"हाताने?"

"हातान न्हय तर काय चमच्यान? आंगवणीचो बोकड तो."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

आईच्या हातातला पेला कलंडला. ती म्हणाली, "कोणासाठी केल्लंय ता तुमका कोणी सांगला?"

बाबा म्हणाले, "सांगूक कित्या होया? ह्या घरातसून दुसरा कोण गेला?"

दादा, मी लिहिलं. 'पुरुष, वय पंचावन्न, उजवा तळहात. बोकडाला ओंजळीतून पेज पाजतात.' वाटलं ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं असतं. तो रकाना मी कोरा ठेवला.

गौरवी


पार्से,
२ जून १९८७

दादा,

तुझं कार्ड मिळालं. कोकणीत होतं. डाकवाल्याने ते बाबांच्याच हातात दिलं, मी धावले पण उशीर झाला होता. त्यांनी चष्मा लावला, ओसरीवर बसून ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मग एका शब्दाशी अडले असं म्हणत पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझं अक्षर इतकं स्वच्छ आहे की त्यात अडण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी गोवा घटकराज्य झाल्याचे पेढे वाड्यावर वाटले. बाबा आणि बाबली तेवढ्यात भाषेवरून भांडलेच. त्यात फरक पडलाय असं समजू नकोस, आणि तूही आल्याबरोबर सुरू करू नकोस. निदान जेवण होईपर्यंत.

पुण्याचं उत्तर आलं. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. मोठ्या यंत्रातून काढलेला त्या विषाणूचा फोटो त्यांनी मला दाखवला. लोकरीच्या गुंड्यासारखा दिसतो, आडव्यातिडव्या धाग्यांचा. मी त्यांना म्हटलं, मला पुढे हेच शिकायचंय. त्या म्हणाल्या, अर्ज आण, मी बघते. हे घरी अजून कुणाला ठाऊक नाही. आल्यावर तू माझ्या बाजूने बोलायचंस.

बोकड मोठा झालाय, तोंड अगदी स्वच्छ. रामचंद्राला विचारलं, आता नवस पुन्हा बांधता येईल का? तो म्हणाला, एकदा मोडलेली ती मोडली. म्हणजे रविवारी तू येशील तो देवाने आणलेला नसशील. आईला मी तसं म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, कोलंबी करू की इसवण?

शिवोलीहून दुपारची फेरीबोट धर. बाबा चोपड्याच्या धक्क्यावर असतील. मासळी घ्यायला आलोय म्हणतील. पिशवी रिकामी असली तरी काही विचारू नकोस.

गौरवी